मार्ग भरताना एवढं सांभाळ

बाळा, सिम्युलेटरवर बोइंग ७३७ शिकायला घेतलंस, फार बरं वाटलं. उडायची घाई तुला असणारच, पण त्याआधी एफएमसीपाशी, म्हणजे मार्ग भरायच्या संगणकापाशी, पाच मिनिटं शांत बस.

१. सिमब्रीफ या संकेतस्थळावर मार्ग काढलास की त्याची एआयरॅक आवृत्ती, म्हणजे हवाईमार्ग-बिंदूंच्या माहितीची आवृत्ती, आणि विमानातली आवृत्ती जुळतात का ते बघ — ही माहिती दर २८ दिवसांनी बदलते, आणि नवा बिंदू जुन्या आवृत्तीत सापडतच नाही.

२. विमानतळाची चारही अक्षरं तोंडाने म्हणत टाइप कर — दाबोळी म्हणजे व्हीओजीओ, मोपा म्हणजे व्हीओजीए. अक्षराला चुकला, तो विमानतळाला मुकला!

३. हवाईमार्गाचं नाव डावीकडे, तो जिथे सोडायचा तो बिंदू उजवीकडे — मधले बिंदू एफएमसी आपले आपण भरतं, तेवढंच तुझं टायपिंग कमी.

४. एकाच नावाच्या बिंदूंची यादी समोर आली की हात आवर आणि प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश वाच. २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियात कालीजवळ बोइंग ७५७ च्या वैमानिकांना रोझो बीकन हवं होतं, म्हणून नुसतं ‘आर’ टाइप केलं गेलं. रोझो त्या संगणकात पूर्ण नावाने होतं. यादीत पहिलं आलं ते बोगोटाजवळचं रोमिओ, आणि तेच निवडलं गेलं. विमान डावीकडे वळून दरीबाहेर गेलं, परत फिरताना डोंगरावर आदळलं, १५९ माणसं गेली — म्हणून वरचं नाव दिसलं की उचललं, ही सवय तू घरच्या खुर्चीतसुद्धा लावून घेऊ नकोस.

५. एसआयडी (निघतानाचा ठरलेला मार्ग) आणि स्टार (पोहोचतानाचा) वारा बघूनच निवड — वाऱ्याप्रमाणे धावपट्टी बदलली की तेही बदलतात.

६. लेग्ज पानावर डिसकन्टिन्युटीचे, म्हणजे मार्गातल्या खंडाचे, चौकोन दिसले की आधी कारण शोध, मगच पुढचा बिंदू उचलून तिथे ठेव — काही ठिकाणी पुढची दिशा कंट्रोलर देणार असतो, म्हणून ती जागा मुद्दाम मोकळी असते.

७. प्लॅन मोड लावून स्टेप दाबत अख्खा मार्ग डोळ्यांखालून घाल, एकूण अंतरही बघ — मुंबई–दिल्ली सरळ अंतर सुमारे ६१५ नॉटिकल मैल. बेरीज हजाराच्या वर गेली तर एखादा बिंदू नक्की भलतीकडचा आहे.

८. एक्झेकचा दिवा लागला तरी बदललेली ओळ पुन्हा एकदा वाच — एक्झेक दाबेपर्यंत इरेज दाबून सगळं मागे घेता येतं.