डिजिटल कॅमेरा : वापरणाराचे अनुभव आणि प्रकाशाचा पाठ
(वरच्या प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी)

प्रकाशाचा पाठ घेताना सूचिछिद्र कॅमेरा करून दाखविण्याची पद्धत शाळांतून जुनी आहे. खोक्याला टाचणीने भोक पाडावे, समोरच्या बाजूस तेलकट कागद लावावा आणि दाराबाहेरचे झाड त्यावर उलटे उमटलेले मुलांना दाखवावे. प्रयोग उत्तमच आहे. परंतु मुलांच्या घरी आज जो कॅमेरा असतो तो खोक्याचा नव्हे, मोबाइलमधला. आणि त्याने काढलेले चित्र बिघडले म्हणजे घरातील मोठी माणसे ज्या तक्रारी करतात त्या मुलांच्या कानांवर नेहमी पडत असतात. चेहरा काळा आला, हात हलला, रात्रीचे सगळे रवाळ दिसते, डोळे लाल आले, अशा त्या तक्रारी होत. दोष यंत्राचा, असे समजून माणूस नवे यंत्र घ्यावयास निघतो. वास्तविक यांतील बहुतेक तक्रारी प्रकाशाच्या असतात. प्रकाशाच्या पाठास याहून जवळचे साहित्य मिळणे कठीण.

काही शाळांच्या कपाटांत २००० नंतरच्या दशकात घेतलेला लहानसा डिजिटल कॅमेरा अद्याप पडून आहे. त्या काळी अशा यंत्रांची मोठी चलती होती. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०१० या एका वर्षात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० साली ही संख्या ९० लाखांच्याही खाली आली. मोबाइलने त्यांची जागा घेतली. तथापि मोबाइलमधील कॅमेरा हा जातीने तोच, आणि प्रकाशाचे नियम दोघांनाही सारखेच लागू आहेत. म्हणून कपाटातले जुने यंत्र टाकाऊ समजू नये. त्यात नवा सेल घालून पाहावा.

या यंत्राचा पूर्वेतिहास मुलांना थोडक्यात सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली हातात उचलता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. वजन सुमारे साडेतीन किलो. एक चित्र साध्या कॅसेटच्या फितीवर नोंदण्यास २३ सेकंद लागत. ते चित्र १०० ओळी आणि प्रत्येक ओळीत १०० ठिपके, असे एकंदर १०,००० ठिपक्यांचे, आणि तेही काळे-पांढरे होते. ज्या कंपनीत हे यंत्र जन्मास आले ती फिल्म विकून मोठी झाली होती. पुढे फिल्मचा धंदा बसला आणि २०१२ साली तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

ठिपक्यांचे चित्र म्हणजे काय, हे समजावून देण्यास ठिपक्यांची रांगोळी पुरेशी आहे. कॅमेऱ्यातील भिंगाच्या मागे बोटाच्या नखाहून लहान अशी एक चकती असते. तिला संवेदक म्हणतात. तिच्यावर लाखो सूक्ष्म घरे आखलेली असतात आणि प्रत्येक घर आपल्यावर पडलेला प्रकाश मोजून एक आकडा देते. या आकड्यांची रांगोळी म्हणजे चित्र. घराला स्वतः रंग कळत नाही. म्हणून निम्म्या घरांवर हिरवी, पाव घरांवर तांबडी आणि उरलेल्या पाव घरांवर निळी गाळणी बसवितात आणि शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून प्रत्येक ठिपक्याचा पुरा रंग ताडतात. ही मांडणी कोडॅकमधीलच ब्राइस बायर यांची. आज बहुसंख्य कॅमेऱ्यांत तीच आढळते.

आता दुकानातील अनुभवाकडे वळावे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो तो मेगापिक्सेलचा, म्हणजे दशलक्ष ठिपक्यांचा. ५ चा कॅमेरा जुना झाला म्हणून १० चा घेतला, आणि चित्रात काही फरक दिसेना, हा अनुभव हजारो लोकांनी घेतला आहे. याचे कारण सातवीच्या मुलासही गणिताने काढता येते. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे ६ इंच लांब व ४ इंच रुंद फोटो छापावयाचा आहे. चांगल्या छपाईस दर इंचास ३०० ठिपके पुरतात. म्हणजे लांबीत १,८०० आणि रुंदीत १,२०० ठिपके, गुणाकार २१,६०,०००. दोन मेगापिक्सेलहून किंचित अधिक! शिवाय ठिपके दुप्पट झाले तरी लांबी-रुंदीतील वाढ दुप्पट होत नाही, ती केवळ १.४ पट होते. हे उदाहरण फळ्यावर अवश्य घालावे. क्षेत्रफळ आणि बाजू यांतील संबंध मुलांच्या मनावर बिंबविण्यास पुस्तकातील शेताच्या उदाहरणाइतकेच ते उपयोगी पडेल.

ठिपके वाढविण्यात लाभ थोडा, पण हानी कोठे आहे? ती चकतीच्या आकारात आहे. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यातील चौकट ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असे. खिशात मावणाऱ्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांतील चकती सुमारे ६ मिलिमीटर लांब व ४ मिलिमीटरांहून थोडी अधिक रुंद होती. क्षेत्रफळात हा फरक चौतीस-पस्तीस पटींचा पडतो. एवढ्याशा जागेत एक कोटी घरे बसविली तर प्रत्येक घराच्या वाट्यास येणारा प्रकाश किती?

येथे वर्गात एक प्रयोग करावा. फरशीवर खडूने एक मोठा चौरस आखून त्याचे २५ लहान चौरस करावेत. दुरून, हात हलवीत, सुमारे शंभर ज्वारीचे दाणे त्यावर सारखे उधळावेत आणि प्रत्येक लहान चौरसातील दाणे मुलांकडून मोजवून घ्यावेत. सरासरी ४ असली तरी एका घरात २ आणि शेजारच्या घरात ६ दाणे पडणे स्वाभाविक आहे. आता दाणे अनेक पटींनी वाढवून, एका घरात सरासरी शंभर पडतील असे करावे. घराघरांतील फरक दहा-बाराचा राहील, पण शंभरात दहा म्हणजे फारसे काही नव्हे. प्रकाशही असाच कणाकणांनी पडत असतो. भरपूर उजेडात मोठ्या घरांत त्याचे पुष्कळ कण पडतात आणि सपाट भिंत सपाट दिसते. संध्याकाळी लहान घरांत थोडेच कण पडतात, एक घर उजळ तर शेजारचे काळपट होते, आणि तीच भिंत रव्यासारखी दिसू लागते. चित्र रवाळ येणे ते हेच. मोबाइलमध्ये आता एकामागून एक अनेक चित्रे टिपून त्यांची बेरीज-सरासरी करतात. तीही दाणे वाढविण्याचीच युक्ती होय.

या ठिकाणी मुलांच्या मनात शंका येईल की खोलीत उजेड तर पुरेसा दिसतो, मग तो कॅमेऱ्यास कमी का पडावा? शंका रास्त आहे. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. रात्री दिवा लावलेल्या साध्या खोलीत तो शंभराच्या आसपास असतो. हजार पटींचा हा फरक डोळा आणि मेंदू मिळून इतक्या सफाईने भरून काढतात की माणसास त्याचा पत्ताही लागत नाही. कॅमेरा मात्र मोजून आकडा देतो.

याची खरी किंमत घरच्या समारंभात मोजावी लागते. एखाद्या घरी आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा आहे असे समजा. माजघरात गर्दी, डोक्यावर एकच दिवा, आणि नातू दाराशी कॅमेरा घेऊन उभा. कॅमेऱ्यास प्रकाश पुरेना म्हणून तो पडदा एक-अष्टमांश सेकंद उघडा ठेवतो. हातात धरलेला कॅमेरा एवढा वेळ स्थिर राहत नाही, आणि चित्र हलते. मग नातू फ्लॅश लावतो. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो. दोन मीटरांवर जेवढा पडतो त्याचा चौथा हिस्सा चार मीटरांवर आणि नववा हिस्सा सहा मीटरांवर. पुढे उभ्या असलेल्या पाहुण्याची पाठ लख्ख येते आणि पाटावर बसलेली आजी अंधारात जाते. शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेतून फ्लॅश मारणाऱ्या पालकांच्या हाती पुढच्या रांगांतील डोकीच लागतात, ती याच नियमाने. जवळून मारलेल्या फ्लॅशने डोळे लाल येतात. अंधारात बाहुली विस्फारलेली असते आणि भिंगाच्या अगदी शेजारून निघालेला प्रकाश डोळ्याच्या रक्तमय पडद्यावरून थेट भिंगात परततो.

आजीला दहा मिनिटे ओसरीवर आणून बसविले असते तर यांतील काहीच घडते ना. सावलीतला बाहेरचा उजेड चेहऱ्यासाठी सर्वांत सोयीचा. तेही शक्य नसेल तर कॅमेरा टेबलावर वा खांबाला टेकवावा आणि दोन सेकंदांनी टिपणारी घटिका लावावी. बटण दाबण्याच्या धक्क्यानेही चित्र हलते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरी मोठी तक्रार चेहरा काळा येण्याची. तिचा संबंध शाळेशी फार जवळचा आहे. कॅमेऱ्यास समोर काय आहे हे मुळात कळत नाही. सर्व दृश्य मिळून मध्यम करडे असावे असे धरून तो प्रकाशाचे मान ठरवितो. झेंडावंदनास पांढऱ्या गणवेशातील मुले ओळीने उभी राहिली, मागे आकाश उजळ, की कॅमेरा एवढा पांढरा भाग पाहून प्रकाश कमी करतो. गणवेश मळकट करडे दिसतात, आणि त्यांवरचे सावळे चेहरे तर ओळखूही येत नाहीत. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचे तेच होते. नव्या यंत्रांत चेहरा ओळखून त्याप्रमाणे मान ठरविण्याची सोय झाली आहे, तरी उजळ पार्श्वभूमीपुढे तीही पुष्कळदा कमी पडते. उपाय दोन आहेत. यंत्रात अधिक-उणे अशी खूण असलेली सोय असते, ती एक घर अधिकाकडे सरकवावी. किंवा मुलांनाच वळवून उभे करावे, म्हणजे उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडेल. दुसरा उपाय सोपा व खात्रीचा आहे.

किरकोळ तक्रारींचा निकाल चटकन लावता येईल. लांब उडी मारणारा मुलगा वाळूत पडल्यावर चित्र निघते, कारण बटण दाबल्यावर जुना कॅमेरा आधी अंतर जुळवीत बसतो. बटण अर्धे दाबून अंतर अगोदर जुळवून ठेवावे. पेन्सिल सेल दहा-वीस चित्रांत संपतात ही तक्रार साध्या सेलांची आहे. पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल या कामी पुष्कळ टिकतात. राहिला डिजिटल झूम. तो झूम नव्हेच. चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखविणे, एवढाच त्याचा अर्थ. तुकडा घरी बसूनही कापता येतो.

याहून गंभीर गोष्ट चित्रे टिकविण्याची. फिल्मच्या काळी रोलमध्ये ३६ चित्रे असत, ती धुऊन घ्यावी लागत, आणि धुतलेला फोटो आपोआप भिंतीवर किंवा अल्बममध्ये जात असे. डिजिटल कॅमेऱ्याने खर्च वाचविला आणि त्याबरोबर ही सक्तीही संपविली. चित्रे कार्डावर राहिली, कार्डावरून संगणकात गेली, आणि संगणक बिघडला त्या दिवशी एका घराची दहा वर्षे नाहीशी झाली. आजोबांचा १९६० सालचा फोटो देव्हाऱ्याशेजारी आहे आणि २००६ साली जन्मलेल्या नातीच्या बारशाचा एकही नाही, ही स्थिती अनेक कुटुंबांची आहे. शाळेचेही असेच होते. सेवानिवृत्त झालेले गुरुजी, पाडलेली जुनी इमारत, जिंकलेली ढाल, सारे एका कार्डावर आणि ते कार्ड कोणाच्या तरी खिशात.

चुकून पुसलेली चित्रे मात्र पुष्कळदा परत मिळतात. पुसणे म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचे नाव खोडणे. पाने जागच्या जागी असतात. त्यांवर नवे लिहिले की ती जातात. म्हणून चूक ध्यानात येताच त्या कार्डावर पुढे एकही चित्र काढू नये आणि ते जाणकाराकडे द्यावे. कार्डावर काहीच नोंदले जात नसेल तर ते टाकून देण्यापूर्वी त्याच्या कडेची बारीक सरकपट्टी पाहावी. ती खाली सरकली की कार्डास कुलूप लागते.

दमट हवेचा त्रास कोकणातील शाळांनी विशेष लक्षात घ्यावा. भिंगावर बुरशी चढते ती पुसून जात नाही. २००५ साली अनेक उत्पादकांना जाहीर करावे लागले की काही यंत्रांतील संवेदक उष्ण व दमट हवेत निकामी होतात. चित्र जांभळे, रेघारेघांचे किंवा कोरे येते. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, शोषक पुड्यांसह ठेवावा, आणि पावसाळ्यातही महिन्यातून एकदा बाहेर काढून वापरावा.

वर्गासाठी एक काम सुचविता येईल. एकाच मुलाचे एकाच यंत्राने तीन फोटो काढावेत. पहिला वर्गाच्या आतल्या कोपऱ्यात, दुसरा ओसरीच्या सावलीत, तिसरा दुपारच्या उन्हात. तिन्ही शेजारी मांडून कोणत्यात चेहरा नीट दिसतो, कोणत्यात रवा आहे, कोणत्यात डोळ्यांखाली सावली पडली, हे मुलांनी स्वतः शोधून वहीत लिहावे. उत्तर आधी सांगू नये. चढत्या उजेडात चित्र चढत्या क्रमाने चांगले येईल अशी मुलांची अटकळ असते, आणि ती तिसऱ्या फोटोपाशी चुकते.

वर्षअखेरीस वर्गाचा फोटो काढण्यापूर्वी यंत्रातील तारीख तपासावी. सेल काढून ठेवलेल्या कॅमेऱ्याची तारीख मागे जाते आणि पुढे सर्व चित्रे एकाच खोट्या दिवसाची ठरतात. फोटोच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, एक शाळेत व एक शाळेबाहेर, आणि एक कागदावर छापून दप्तरात लावावी. छापलेल्या प्रतीच्या मागे, डावीकडून उजवीकडे, पुढच्या रांगेपासून, सर्व मुलांची नावे मऊ पेन्सिलीने त्याच दिवशी लिहावीत. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूस चेहऱ्यांवर उमटतात.