अद्भुतरम्य प्रेमकादंबरी : आवडीकडून मूल्यमापनाकडे

प्रास्ताविक

कादंबरी वाचून झाल्यावर 'आवडली' किंवा 'आवडली नाही' असे आपण सहज म्हणतो. ही प्रतिक्रिया प्रामाणिक असते. परंतु ते मूल्यमापन नव्हे. अद्भुत सृष्टी आणि प्रेमकथा यांचा मेळ घालणाऱ्या, 'रोमँटसी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांविषयीची मते बहुधा भारावलेली तरी असतात किंवा तुच्छतेची तरी. या दोहोंपलीकडे नेणारी एक कसोटी येथे पाहू.

विवेचन

मराठीच्या अभ्यासकाला हा मेळ नवा नाही. नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबरीची प्रस्तावना आठवा. आपल्या समाजातील विवाहादी चालीरीती पाहता प्रत्यक्ष जीवनातून मनोरंजक कथानक मिळणे कठीण, अशी त्यांची भूमिका होती. वास्तवात प्रेमाला जागा नव्हती, म्हणून ती अद्भुतात शोधली गेली. अद्भुताला येथे निश्चित प्रयोजन आहे. यावरून आपली कसोटी अशी मांडता येईल : कादंबरीतील अद्भुत वगळले, तर तिच्यातील प्रेमकथा बदलेल काय? बदलणार नसेल, तर ते अद्भुत केवळ नेपथ्य होय.

रिबेका यारोस यांच्या 'फोर्थ विंग' (२०२३) मध्ये नाजूक प्रकृतीची व्हायोलेट आईच्या आज्ञेने ड्रॅगनस्वारांच्या युद्धविद्यालयात दाखल होते. तिच्या आईनेच ज्याच्या बंडखोर पित्याला मृत्युदंड दिला, तो झेडन तेथे आहे. या दोघांना निवडणारे ड्रॅगन परस्परांचे जोडीदार असल्यामुळे त्यांना फार काळ दूर राहता येत नाही. अद्भुत काढले तर ही प्रेमकथा उभीच राहत नाही. मात्र शत्रूच्या जवळ येण्याचा निर्णय ड्रॅगनांच्या नात्यानेच घेतला, तर नायिकेच्या निवडीचे मोल किती, हा प्रश्न उरतो.

सारा जे. मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (२०१५) मध्ये शिकारी तरुणी फेरा आणि मायावी फे वंशाचा टॅमलिन यांचे प्रेम रंगते. त्याचे रक्षण करणे तेथे प्रेमाची खूण वाटते. 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी' (२०१६) या पुढील भागात मात्र तोच मंत्रबळाने तिला घरात कोंडतो आणि ती त्याला सोडून जाते. रक्षण आणि कैद यांतील अंतर किती थोडे असते, हे त्या मायावी बंधनातून प्रत्ययास येते. पहिल्या भागाविषयीचे आपले मतही त्यामुळे तपासून घ्यावे लागते. वाचकाला स्वतःचे मत बदलायला लावणे हे लोकप्रिय साहित्यालाही साधते, हे लक्षात घ्यावे.

या कसोटीला मर्यादाही आहे. शैलीचा सैलपणा, प्रसंगांची पुनरावृत्ती किंवा अनावश्यक विस्तार यांचा निवाडा ती करत नाही. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

सारांश

आवड ही मताची सुरुवात असते. कारणे दिली की त्या मताला समीक्षेचे रूप येऊ लागते. अद्भुत प्रेमासाठी काय करते, हे विचारल्यास आंधळी स्तुती आणि सरसकट नकार दोन्ही टळतात.

सरावासाठी प्रश्न

आपण वाचलेल्या एका अद्भुतरम्य कादंबरीला वरील कसोटी लावा आणि आपले पहिले मत टिकले की बदलले, ते सकारण लिहा.