थकलेला मेंदू आणि सम्यक व्यायाम

शिक्षणासाठी कष्ट उपसणे ही आपल्या समाजाची पुण्याई आहे. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त सलग 18 तास अभ्यासाचे उपक्रम आजही ठिकठिकाणी होतात. त्यामागील निष्ठेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु एका दिवसाचा संकल्प आणि वर्षानुवर्षांची अखंड ओढाताण यांत भेद आहे. तो न ओळखल्यास काय घडते, याचा विचार या लेखात करू.

दीर्घकाळ ताणाखाली राहून थकलेल्या माणसाची तक्रार केवळ अंग गळून जाण्याची नसते. वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते. परिचिताचे नाव ओठांवर येत नाही. दोन कामे एकाच वेळी आली की एकही धड होत नाही. स्वीडनमध्ये 2005 पासून अशा अवस्थेला स्वतंत्र निदानाचे स्थान मिळाले. किमान सहा महिने चाललेला ताण हा त्या निदानाचा एक निकष असून, स्मृती व एकाग्रता यांतील अडचण हे त्याचे एक लक्षण मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली ‘बर्नआउट’ हा आजार नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी अवस्था आहे, असे स्पष्ट केले.

मेंदूत नेमके काय होते? कपाळामागील भागास ‘प्रीफ्रंटल कॉर्टेक्स’ म्हणतात. हाती घेतलेली माहिती क्षणभर धरून ठेवणे, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणे, मोह आवरणे ही त्याची कामे. ताणाच्या वेळी मेंदूत नॉरॲड्रिनलिन व डोपामिन ही रसायने अतिरिक्त प्रमाणात स्रवतात आणि या भागातील चेतापेशींचे परस्परसंबंध तात्पुरते शिथिल होतात. मग विचाराची जागा सवय घेते. ‘हिप्पोकॅम्पस’ हा नव्या आठवणी घडवणारा भाग. कॉर्टिसॉल या ताणसंप्रेरकाचा त्याच्यावर विशेष परिणाम होतो. त्यात झोप अपुरी पडली, तर दिवसा शिकलेले रात्री पक्के होण्याची क्रियाही खंडित होते.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. अशा रुग्णांच्या बौद्धिक चाचण्यांत आढळणारी घट बहुधा मर्यादित असते आणि ती प्रामुख्याने लक्ष, कार्यस्मृती व कामाचा वेग यांत दिसते. बुद्धी नाहीशी झालेली नसते. तेच काम करण्यास अधिक शक्ती खर्च होते. बाहेरून ‘सर्व ठीक’ दिसणारा माणूस आतून रिता होत जातो, तो असा.

आमच्या चिंतेचे खरे कारण हेच आहे. ज्यांच्या गुणवत्तेवर पिढ्यान्‌पिढ्या संशय घेतला गेला, त्या घरातील मुलगा वा मुलगी विसरू लागली, की ‘आपल्यातच काही उणे आहे’ असा निष्कर्ष ती स्वतःच काढते. मग अधिक जागरण, अधिक ताण, अधिक विसर. पालकांनी अशा वेळी ‘आळशी’ हा शब्द उच्चारू नये.

दिलासा देणारे सत्यही आहे. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कठीण परीक्षेच्या तयारीत असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची लक्ष वळवण्याची क्षमता मंदावलेली आढळली. ताण ओसरल्यावर महिनाभराने ती पूर्ववत झाली. अर्थात ते विद्यार्थी निरोगी होते. वर्षानुवर्षे थकलेल्यास अधिक काळ लागतो आणि इतर लक्षणे निवळल्यानंतरही विसराळूपणा रेंगाळू शकतो. म्हणून धीर सोडू नये. झोपेची वेळ पाळावी, एका वेळी एकच काम घ्यावे, लिहून ठेवण्याची सवय लावावी, रोज चालावे आणि कामाचा भार प्रत्यक्ष कमी करावा. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता व नैराश्य यांतही हीच लक्षणे दिसतात. म्हणून वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. मन फार खचल्यास शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो.

राजगृहाजवळील सीतवनात सोण नावाच्या भिक्खूने पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण केले. तरीही चित्त मुक्त होईना, तेव्हा गृहस्थजीवनात परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला आळशी म्हटले नाही, की आणखी कष्ट करण्यासही सांगितले नाही. तो पूर्वी वीणा वाजवीत असे, हे जाणून त्यांनी त्याला तारांविषयी विचारले. अति ताणलेली तार सुरात वाजत नाही आणि सैल पडलेलीही नाही. वीर्याचेही तसेच, हा त्यांचा उपदेश होता.

अष्टांगिक मार्गातील व्यायामास ‘सम्यक’ हे विशेषण आहे, ‘अखंड’ हे नव्हे. माजी विद्यार्थ्यांनी नोकरीत, पालकांनी घरात आणि आम्ही शिक्षकांनी वसतिगृहाच्या वेळापत्रकात हा भेद जपला, तर पुढची पिढी शिकेलही आणि शिकलेले तिच्यापाशी टिकेलही.