खोक्यातलं तूप लाकूड अडवेल?

प्रश्न : वर्ध्याहून गोरसपाक ही तुपातली बिस्किटं नेली की पुठ्ठ्याच्या खोक्यावर तुपाचा डाग उमटतो. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेलं खोकं रद्दीवाला घेत नाही. लाकडापासून केलेला लेप तूप अडवतो, असं ऐकलं. पण लाकूड तर पाणीसुद्धा पितं. मग ते तूप कसं अडवणार?
– एक वाचक, आर्वी

उत्तर : शंका रास्त आहे, फक्त तूप आणि पाणी पुठ्ठ्यात एकाच वाटेनं शिरत नाहीत. पुठ्ठा म्हणजे लाकडाच्या तंतूंची जाळी. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं तूप या तंतूंमधल्या फटींतून पसरतं. खुद्द तंतूत ते मुरत नाही. पाणी मात्र मुरतं आणि तंतू फुगतो, कारण तंतू ज्याचा बनतो त्या सेल्युलोजला पाण्याची ओढ आहे. म्हणून तुपापुरतं बोलायचं तर फटी बुजल्या की काम भागतं.

ही युक्ती जुनीच. अस्सल ग्रीसप्रूफ कागदात मेण नसतं. लगदा इतका कुटलेला असतो की फटी जवळजवळ उरतच नाहीत. तुम्ही ऐकलेला लेप बहुधा नॅनोसेल्युलोजचा. तो त्याच्या पुढचा टप्पा. लगदा प्रचंड दाबानं अरुंद फटीतून ढकलला की एकेका तंतूची सूक्ष्म सूत्रं सुटी होतात. शंभर भाग पाण्यात दोनच भाग सूत्रं असली तरी ते जेलीसारखं गोठतं. पुठ्ठ्यावर पसरून वाळवलं की घट्ट पापुद्रा धरतो. तूप तर अडतंच, कोरड्या हवेत ऑक्सिजनही अडतो. तूप खवट होतं ते ऑक्सिजनमुळे, तेव्हा हा फायदा लहान नाही. शिवाय लेप आणि पुठ्ठा दोन्ही सेल्युलोजचेच, त्यामुळे खोकं सरळ लगद्यात जातं.

अडचण पावसाळ्यात येते. हवा दमट झाली की पापुद्रा फुगतो आणि ऑक्सिजनला वाट मिळते. त्यासाठी वरून पाणी झटकणारा थर हवा. लाकडातलं लिग्निन त्या कामाचं आहे, पण रंगानं तपकिरी. दह्यासारख्या ओल्या पदार्थाला नुसत्या नॅनोसेल्युलोजच्या भरवशावर ठेवू नये.

तूप अडवायला फ्लोरिनची रसायनंही वापरली गेली. ती निसर्गात विरत नाहीत. अमेरिकेत खाद्यवेष्टनासाठी त्यांची विक्री थांबल्याचं तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. आपणही तिकडे वळू नये.

आपल्या भागात तर झाड तोडायचीही गरज नाही. सरकीवरची लव जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असते. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत २०१५ मध्ये कापसापासून नॅनोसेल्युलोज करणारा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. कागदाचं काम तर इथं जुनंच. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यातच स्थापन झाला आणि तिथल्या मगनवाडीत हातकागद होऊ लागला. त्याच जिल्ह्यात कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, बांधावर जाळली जाते, याचं मला वाईट वाटतं. पऱ्हाटीही लाकूडच आहे. तिचा लगदा होतो. गोरसपाकाच्या खोक्याचा लेप हिंगणघाटच्या शेतातून यावा, यात अशक्य काही नाही.