फुल्यांची रेषा : पाव, अर्धा व पाऊण अशा मापांचें मांडणें आणि वाचणें

आपल्या शेताचें उत्पन्न कोणी विचारलें असतां आपण बहुधा एकच आंकडा सांगतों. "एकरीं साडेतीन क्विंटल जोंधळा झाला" असें म्हटलें कीं हिशेब पुरा झाला असें आपणांस वाटतें. हा आंकडा सरासरीचा असतो. सरासरी खोटी नसते. परंतु शेताचा कोणता भाग किती देतो हें ती सांगत नाहीं. तें समजण्याचें एक सोपें साधन आहे; त्यास आम्ही "फुल्यांची रेषा" म्हणतों. शाळेंतील मुलेंहि ती काढूं शकतात. तथापि मापें पाव, अर्धा, पाऊण अशीं अपूर्णांकांत आलीं म्हणजे जाणतीं माणसेंहि चुकतात. सबब हा पाठ एका घडलेल्या उदाहरणावरून सांगण्याचें योजिलें आहे.

दोघां भावांचें तीन एकर, म्हणजे १२० गुंठे, जिराईत शेत वांटावयाचें होतें. शेत उतारावर आहे. साठ-साठ गुंठ्यांचे दोन वांटे करावे असें ठरून, कागद लिहून घेण्यास ते आमचेकडे आले. कारण आमची हयात महसुली कारकुनींत गेली. धाकट्याच्या वांट्यास वरची बाजू येत होती. आम्हीं त्यांस म्हटलें, "सातबाऱ्यावर क्षेत्र दिसतें, आकार दिसतो, धान्य दिसत नाहीं. रबीचा जोंधळा कापणीस आलाच आहे. आधीं तो मोजूं, मग कागद लिहूं."

प्रत्येक एकरांत चार, असे एकंदर १२ तुकडे आंखले. प्रत्येक तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे ५० चौरस मीटर, सुमारें अर्धा गुंठा. जागा चिठ्ठ्या टाकून ठरविल्या. डोळ्यांनीं निवडूं गेल्यास डोळा भरल्या कणसांकडेच जातो. पीक-कापणी प्रयोगांतहि याच कारणास्तव जागा यदृच्छेनें निवडतात. ती पद्धति आपल्या देशांत रूढ करण्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वांटा आहे. प्रत्येक तुकड्याचीं कणसें निराळीं मळून, धान्य उन्हांत वाळवून, एकाच दिवशीं एकाच कांट्यावर तोललें.

हल्लींचा इलेक्ट्रॉनिक कांटा माप दशांशांत दाखवितो. येथेंच पहिली चूक होते. ३.२५ हा आंकडा पुष्कळजण "तीन किलो पंचवीस ग्रॅम" असा वाचतात. वास्तविक तो तीन किलो अडीचशें ग्रॅम, म्हणजे सव्वातीन किलो होय. पंचवीस ग्रॅम असते तर कांट्यावर ३.०२५ दिसलें असतें. माप मधेंच आल्यास जवळच्या पावावर आणावें. ३.११० तीनच्या जवळ आहे, सबब तीन, ३.१४० सव्वातीनच्या जवळ आहे, सबब सव्वातीन.

बारा मापें किलोंत येणेंप्रमाणें आलीं :

वरचा एकर : तीन, पावणेतीन, सव्वातीन, तीन.
मधला एकर : सव्वापांच, पावणेपांच, सहा, पांच.
खालचा एकर : पांच, सव्वापांच, साडेपांच, सव्वापांच.

आतां रेषा काढावी. लहानांत लहान व मोठ्यांत मोठें माप तींत मावलें पाहिजे. दर पावास एक बोट अंतर सोडून खुणा कराव्या आणि प्रत्येक तुकड्याबद्दल त्याच्या मापाच्या खुणेवर एक फुली मांडावी. छपाईच्या सोयीसाठीं येथें रेषा उभी दिली आहे :

अडीच : —
पावणेतीन : ×
तीन : × ×
सव्वातीन : ×
साडेतीन : —
पावणेचार : —
चार : —
सव्वाचार : —
साडेचार : —
पावणेपांच : ×
पांच : × ×
सव्वापांच : × × ×
साडेपांच : ×
पावणेसहा : —
सहा : ×

प्रथम फुल्या मोजाव्या. त्या बारा भरल्या पाहिजेत. खूण वजन सांगते, फुल्या तुकड्यांची संख्या सांगतात. सव्वापांचावर तीन फुल्या म्हणजे तीन किलो नव्हे, तीन तुकडे. रिकाम्या खुणा कधींहि गाळूं नयेत. सव्वातीनला लागून पावणेपांच लिहिलें असतें तर मधली मोठी फट लपली असती, आणि या चित्रांतील मुख्य गोष्ट ती फटच आहे.

अपूर्णांकांची बेरीज अवघड वाटल्यास सर्वांचे पाव करावे. बारा तुकड्यांचे मिळून २१६ पाव. बारांनीं भागतां १८ पाव, म्हणजे साडेचार किलो सरासरी. परंतु साडेचाराच्या खुणेवर एकहि फुली नाहीं! फुल्यांचे दोन निरनिराळे पुंजके आहेत. चार फुल्यांच्या पुंजक्याची सरासरी तीन किलो, आठांच्या पुंजक्याची सव्वापांच. एका एकरांत असे सुमारें ८१ तुकडे बसतात. म्हणजे वरच्या एकरांत २४३ किलो व खालील दोहोंत एकरीं सुमारें ४२५ किलो धान्य. साठ-साठ गुंठ्यांची वांटणी झाली असती तर धाकट्यास सुमारें ४५५ किलो व थोरल्यास ६३८ किलो आलें असतें.

थोरल्यास हें प्रथम पटलें नाहीं. "एका सालाचें काय घेऊन बसलां?" असें तो म्हणाला; आणि त्याचें म्हणणें रास्त होतें. शिवाय फुल्या कारण सांगत नाहींत. तें जमिनींत पाहावें लागतें. वरच्या बाजूस दोन ठिकाणीं खणतां वीतभर मातीखालीं मुरूम लागला; अशा जमिनींत ओल टिकत नाहीं. पुढील रबींत पुन्हा चिठ्ठ्या टाकून मापें घेतलीं. पाऊस कमी असल्यानें सर्वच फुल्या खालीं सरकल्या. परंतु पुंजके दोनच राहिले, आणि लहान पुंजका वरच्याच एकराचा निघाला. तेव्हां थोरला आपण होऊन म्हणाला, "काका, बांध खालीं सरकवा."

उभ्या पट्ट्या पाडून दोघांस दोन्ही प्रकारची जमीन देतां आली असती. पण तशानें नांगरट उताराच्या दिशेनें करावी लागून माती वाहून जाते. म्हणून धाकट्यास वरचे साडेअडुसष्ट गुंठे व थोरल्यास खालचे साडेएकावन्न गुंठे असा बांध ठरला. पहिल्या सालच्या मापानें दोघांचेंहि धान्य ५४७ किलोंच्या आसपास येतें. त्याप्रमाणें कागद लिहिला, नोंदविला व फेरफारहि झाला.

ज्यांस वांटणी करावयाची नाहीं त्यांनींहि येत्या कापणीस हा प्रयोग करून पाहावा. फुलीऐवजीं तुकड्याचा क्रमांक लिहिल्यास कोणता पुंजका कोठला हें तात्काळ कळतें. पुंजका एकच आला तर शेत एकसारखें समजून चालावें. दोन आले तर सर्व शेतास सारखें खत घालण्यापूर्वीं हलक्या भागांत कुदळ मारून कारण शोधावें.