डब्यावरचे पन्नास टक्के

प्रश्न : मी चाकणला कंपनीत आहे. एकाने अळिंबीची पावडर दिली. डब्यावर ‘पॉलिसॅकराइड ५० टक्के’ लिहिलंय. प्रतिकारशक्ती वाढेल का?

उत्तर : त्या आकड्यावर भाळू नका. स्टार्चही पॉलिसॅकराइडच, धान्यावर वाढवलेली बुरशी धान्यासकट दळली की आकडा आपसूक फुगतो. चिमूटभर पावडर पाण्यात उकळून गार करा, आयोडीनचा थेंब टाका. गर्द निळं झालं, तर तुम्ही पैसे धान्याचे मोजलेत. आणि ते पाणी पिऊ नका, फेका!

कामाचं असतं ते बीटा-ग्लुकान : ग्लुकोजची १,३ जोडणीची साखळी, तिला १,६ च्या फांद्या. पांढऱ्या पेशींवरचा डेक्टिन-१ हा ग्राहक (रिसेप्टर) नेमकी हीच घडण ओळखतो. शिताके अळिंबीतलं लेंटिनान हे असंच बीटा-ग्लुकान जपानी संशोधक चिहारांनी १९६९ मध्ये उंदरांतल्या गाठींवर तपासलं. पुढे जपानात ते केमोथेरपीच्या जोडीला शिरेतून दिलं गेलं, चमच्याने नव्हे. धिंगरीची भाजी मात्र खुशाल खा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर पावडर डॉक्टरांना विचारूनच.