घटक ४ : आरोग्यसंस्थेतील भोवताल-निरीक्षण आणि व्यूहात्मक नियोजन

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• भोवताल-निरीक्षण व व्यूहात्मक नियोजन या संज्ञांचा अर्थ स्पष्ट करता येईल.
• आरोग्यसंस्थेच्या भोवतालातील प्रमुख क्षेत्रे सांगता येतील.
• गडचिरोलीच्या उदाहरणावरून निरीक्षण आणि नियोजन यांचा परस्परसंबंध विशद करता येईल.
• नियोजन-आराखड्याच्या भाषेतील गुणदोष ओळखता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन अहवालाचे लेखन कसे करावे, हे पाहिले. प्रस्तुत घटकात अहवालाच्या आधीची पायरी, म्हणजे माहिती गोळा करणे, आणि नंतरची पायरी, म्हणजे त्या माहितीवरून पुढील वाटचाल ठरविणे, यांचा विचार करावयाचा आहे. यासाठी आरोग्यसंस्थेचे क्षेत्र निवडले आहे. आपल्यापैकी काहीजण आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा रुग्णालयातील लिपिक म्हणून काम करीत असतील. काहींना पुढे जनसंपर्काचे अथवा भाषांतराचे काम करावे लागेल. अशा संस्थेत चुकीच्या माहितीवर आधारलेला आराखडा केवळ कागदावर चुकत नाही. त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून हा विषय व्यवस्थापनाचा असला, तरी भाषेच्या अभ्यासकालाही त्यात मोठे काम आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ संज्ञाविचार

‘एन्व्हायर्न्मेंटल स्कॅनिंग’ या संज्ञेचे भाषांतर अनेक ठिकाणी ‘पर्यावरणीय परीक्षण’ असे केलेले आढळते. परंतु ‘पर्यावरण’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात झाडे, नद्या आणि प्रदूषण येते. येथे अभिप्रेत आहे तो संस्थेच्या भिंतीबाहेरचा, पण संस्थेच्या कामावर परिणाम करणारा सारा परिसर : माणसे, कायदे, पैसा, रोग, रूढी, रस्ते. म्हणून आपण ‘भोवताल-निरीक्षण’ हा शब्द वापरू. या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी फ्रान्सिस अॅग्विलार यांनी १९६७ मध्ये उद्योगसंस्थांच्या संदर्भात केली.

‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द ग्रीक भाषेतील सेनापतीवाचक शब्दापासून आला आहे. आपल्याकडचा ‘व्यूह’ हा शब्दही रणांगणावरचाच. व्यूह म्हणजे सैन्याची विशिष्ट रचना. हाती असलेले बळ मर्यादित आहे, ते कोठे लावावे आणि कोठे लावू नये, हे ठरविणे म्हणजे व्यूहात्मक नियोजन. सर्व काही करण्याचे वचन देणारा आराखडा या अर्थाने व्यूहात्मक ठरत नाही.

४.२.२ निरीक्षणाची क्षेत्रे व पद्धती

आरोग्यसंस्थेचा भोवताल सोयीसाठी पुढील क्षेत्रांत विभागता येतो.

अ) शासकीय व कायदेविषयक : महाराष्ट्रातील खाजगी रुग्णालयांना १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचे आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांचे पालन करावे लागते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनेत सहभागी व्हावे की नाही, या एका निर्णयाने रुग्णालयाचा रुग्णवर्ग बदलतो.

आ) आर्थिक : लोकांचे उत्पन्न, मजुरीचा हंगाम, उपचारासाठी कर्ज काढण्याची वेळ. दवाखान्यात येणे म्हणजे अनेकांसाठी एका दिवसाची मजुरी बुडणे होय.

इ) सामाजिक व सांस्कृतिक : ऊसतोडणीसाठी बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे स्थलांतर करतात. अशा वेळी गावच्या यादीतील मूल लसीकरणाच्या दिवशी गावात नसते. हे ज्या केंद्राने टिपले नाही, त्याचे नियोजन केवळ यादीपुरते बरोबर राहते.

ई) रोगविषयक व नैसर्गिक : पावसाळ्यातील हिवताप व डेंग्यू, पाण्याचे स्रोत, दळणवळण.

उ) तंत्रविषयक : नवी उपकरणे, दूरध्वनीवरून सल्ला, नोंदींचे संगणकीकरण.

अॅग्विलार यांनी निरीक्षणाचे चार प्रकार सांगितले आहेत : कोणताही विशिष्ट हेतू न ठेवता केलेले अवलोकन, ठरावीक विषयांकडे सजग राहून केलेले अवलोकन, अनौपचारिक शोध आणि आखणी करून केलेला औपचारिक शोध. चहाच्या टपरीवर कानी पडलेली तक्रार पहिल्या प्रकारात येते, तर घरोघरचे सर्वेक्षण चौथ्या प्रकारात. यांपैकी कोणताही प्रकार कमी महत्त्वाचा नाही. पुष्कळदा पहिल्या प्रकारात मिळालेली कुणकुणच चौथ्या प्रकारच्या अभ्यासाला जन्म देते.

४.२.३ उदाहरण : गडचिरोली

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. मोठे वनक्षेत्र, गोंड आदिवासींची वस्ती, गोंडी व मराठी अशा भाषा आणि तुटपुंज्या आरोग्यसेवा, असा हा भोवताल. येथे १९८६ मध्ये डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तिच्या कामातील चार टप्पे आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिला टप्पा स्त्रियांच्या आजारांचा. त्या काळी ग्रामीण स्त्रीसाठी आरोग्यसेवा म्हणजे प्रामुख्याने बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असे समजले जाई. सर्चने दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक अथवा लैंगिक स्वरूपाचा एक तरी आजार असल्याचे आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. हे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दवाखान्यातील नोंदवहीत हे आजार दिसत नव्हते, कारण या स्त्रिया दवाखान्यापर्यंत पोहोचतच नव्हत्या. नोंदवही आलेल्यांची हकीकत सांगते. न आलेल्यांची हकीकत सांगण्यासाठी भोवताल पाहावा लागतो.

दुसरा टप्पा बालमृत्यूंचा. न्यूमोनिया हे बालमृत्यूचे एक मोठे कारण असल्याचे ध्यानी आल्यावर गावातच राहणाऱ्या कार्यकर्त्यांना व दाईंना या आजाराचे निदान व उपचार शिकविण्यात आले. मिनिटाला श्वास किती, हे मोजता आले तर न्यूमोनिया ओळखता येतो. परंतु मोठी संख्या मोजण्याची सवय नसलेल्या दाईने ते कसे करावे? त्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधे उपकरण तयार करण्यात आले. ‘प्रशिक्षित मनुष्यबळाचा अभाव’ असे लिहून थांबण्याऐवजी संस्थेने उपलब्ध माणसाला साजेसे साधन शोधले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही कमी राहिले.

तिसरा टप्पा दुसऱ्यातूनच निघाला. बालमृत्यूंतील मोठा वाटा आता जन्मानंतरच्या पहिल्या महिन्याचा होता. नवजात बाळावरील उपचार रुग्णालयातच व्हावेत, हा वैद्यकीय संकेत. पण बहुतेक बाळंतपणे घरी होत होती आणि रुग्णालय दूर होते. म्हणून बाळाची काळजी घरीच घेण्याचा व्यूह आखला गेला. ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना प्रशिक्षण दिले गेले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली गेली. १९९३ ते १९९५ या काळात या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५.५ वर आले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनली. आज आपल्या गावातील आशाताई बाळाच्या जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, त्यामागे हा इतिहास आहे.

चौथे उदाहरण रुग्णालयाच्या वास्तूचे. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, असे त्यांनाच विचारले असता मोठ्या इमारतींचे, तेथील अनोळखी वातावरणाचे भय आणि नातेवाइकांपासून होणारी ताटातूट ही कारणे पुढे आली. त्यामुळे शोधग्राम येथील दवाखाना आदिवासी खेड्यासारखा, झोपड्यांच्या रचनेचा बांधण्यात आला, आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले.

४.२.४ निरीक्षणाकडून नियोजनाकडे

वरील उदाहरणातून नियोजनाच्या पायऱ्या सहज हाती लागतात : (१) भोवताल पाहणे, (२) संस्थेची बलस्थाने व उणिवा, तसेच बाहेरील संधी व धोके यांची मांडणी करणे, (३) अग्रक्रम ठरविणे, (४) कृती आखणे, (५) परिणाम मोजणे आणि पुन्हा पाहणे.

यांतील तिसरी पायरी सर्वांत कठीण. एका प्रश्नाला अग्रक्रम देणे म्हणजे दुसऱ्याला थांबायला सांगणे होय. तसेच पाचवी पायरी ही शेवट नसून नवी सुरुवात असते. न्यूमोनियाच्या कामाचे मोजमाप झाले नसते, तर नवजात बालकांचा प्रश्न इतका स्पष्टपणे समोर आला नसता.

४.२.५ निरीक्षणाची आणि आराखड्याची भाषा

सर्वेक्षणातील प्रश्न ज्या भाषेत विचारला जातो, त्या भाषेतच उत्तर अडकलेले असते. ‘आपणांस श्वेतप्रदराचा विकार आहे काय?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर मिळण्याचीच शक्यता अधिक. ‘अंगावरून पांढरं जातं का?’ असे एखाद्या बाईनेच बाजूला बसून विचारले, तर बोलणे सुरू होते. बाळाच्या न्यूमोनियाला खेड्यात ‘डबा’ म्हणतात, हे ठाऊक नसलेला सर्वेक्षक आई सांगत असूनही आजार टिपू शकत नाही. आणि जिथे घरची भाषा गोंडी आहे, तिथे मराठी बोलीही पुरेशी ठरत नाही. बोलीतील शब्द टिपून ठेवणे हे भोवताल-निरीक्षणाचे अविभाज्य अंग आहे.

आता आराखड्याकडे वळू. पुढील दोन वाक्ये ताडून पाहा.

क) ‘गरोदर मातांमध्ये जनजागृती करण्यात येईल व आवश्यक त्या उपाययोजना राबविण्यात येतील.’
ख) ‘उपकेंद्राची परिचारिका ३० जूनपर्यंत प्रत्येक गरोदर मातेच्या घरी जाईल आणि धोक्याची लक्षणे तिला व सासूला समजावून सांगेल.’

‘क’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मात्र ‘करण्यात येईल’ या रचनेत कर्ता लोपतो. आणि कर्ता लोपला की जबाबदारीही लोपते. वर्षअखेरीस काम झाले नाही तर कोणाला विचारावे, हे त्या वाक्यातून कळत नाही. ‘ख’ वाक्यात कर्ता, कृती, मुदत आणि व्याप्ती चारही आहेत. कर्मणी रचना त्याज्य आहे, असे नव्हे. या घटकातही ती आली आहे. घडून गेलेल्या गोष्टीच्या निवेदनात ती चालते. पण कोणी काय करावयाचे, हे ठरविताना तिच्यापासून सावध राहावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘पर्यावरणीय परीक्षण’ हे भाषांतर अपुरे का ठरते?
२. स्त्रियांचे आजार दवाखान्याच्या नोंदवहीत का दिसत नव्हते?
३. ‘करण्यात येईल’ या रचनेचा आराखड्यातील दोष कोणता?

४.३ सारांश

भोवताल-निरीक्षण म्हणजे संस्थेच्या कामावर परिणाम करणाऱ्या बाह्य परिस्थितीचा सातत्याने घेतलेला वेध, आणि व्यूहात्मक नियोजन म्हणजे त्या आधारे मर्यादित साधनांचा ठरविलेला अग्रक्रम. गडचिरोलीच्या अनुभवावरून, संस्थेपर्यंत न आलेल्या माणसाकडे पाहिल्याशिवाय नियोजन पुरे होत नाही, हे दिसते. त्या माणसाचे म्हणणे त्याच्या शब्दांत ऐकणे आणि संस्थेचे म्हणणे जबाबदार शब्दांत मांडणे, ही दोन्ही कामे भाषेची आहेत.

४.४ पारिभाषिक शब्द

अग्रक्रम : अनेक कामांतून आधी करावयाच्या कामाची निवड.
बलस्थान : संस्थेची अंगभूत जमेची बाजू.
नवजात बालक : जन्मापासून २८ दिवसांपर्यंतचे बाळ.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. ‘पर्यावरण’ या शब्दाने मराठीत मुख्यत्वे निसर्गाचा बोध होतो, संस्थेच्या सामाजिक व आर्थिक परिसराचा होत नाही.
२. त्या स्त्रिया दवाखान्यापर्यंत पोहोचत नसल्यामुळे.
३. कर्ता लोपल्याने जबाबदारी निश्चित होत नाही.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. सर्च संस्थेच्या कामाच्या आधारे निरीक्षण व नियोजन यांचा परस्परसंबंध सविस्तर लिहा.
२. आपल्या गावातील आजारांची बोलीभाषेतील किमान दहा नावे वडीलधाऱ्यांकडून जमवा व त्यांचे प्रमाणभाषेतील पर्याय लिहा.
३. आपल्या परिसरातील आरोग्य केंद्राच्या भोवतालाचे निरीक्षण करून एका अग्रक्रमाची निवड करा. ती का केली आणि कोणता प्रश्न त्यामुळे मागे ठेवावा लागला, हे दोनशे शब्दांत लिहा.